शरीराला कापड दिसत नाही, कापडाचा पृष्ठभाग दिसतो

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे, म्हणजे" थोडे कमी केलेत.)

आजचा विषय ऐकायला जरा जड आहे: कृत्रिम धाग्याच्या कापडाचा पृष्ठभाग बदलून ते कापड वैद्यकीय वापरासाठी कसं तयार करतात. पण बंद करू नका, थांबा. कारण तुमच्या घरात नाहीतर शेजारी, कोणाच्या ना कोणाच्या शरीरात असं कापड असणारच. हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर आत जाळी बसवलेली असते. हृदयात कृत्रिम झडप असेल तर तिच्या कडेला पॉलिस्टरची गोल पट्टी असते. आणि टाके तर काय, कधी ना कधी सगळ्यांनाच पडतात.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, नवीन ऐकणाऱ्यांसाठी. मी कळव्यात वाढले, अजून तिथेच राहते. बीटेक केलं टेक्स्टाइल केमिस्ट्रीत आणि नोकरी करते सॉफ्टवेअरमध्ये. हसू नका, आमच्या बॅचचे बरेच जण तसेच आहेत. रोज विटाव्याच्या पुलाखालून ठाणे-बेलापूर रस्त्याने ऑफिसला जाते. आज या रस्त्यावर आयटी पार्क दिसतात, पण एकेकाळी हा केमिकल कंपन्यांचा रस्ता होता. ‘केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया’ ही त्यातलीच एक. साठच्या दशकापासून ती पॉलिस्टरचा धागा बनवायची, ‘टेरिन’ या नावाने. आपल्या आजोबांच्या पिढीला टेरिकॉटच्या पँटचं जे अप्रूप होतं ना, ते या धाग्याचं. इस्त्री टिकते, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं फाटत नाही. तक्रार एकच, घाम शोषत नाही. उन्हाळ्यात अंगाला चिकटतं.

ही तक्रार लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट तिच्यातूनच निघते.

पाणी का टेकत नाही

पॉलिस्टरचा शोध १९४१ चा. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणारे जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी तो लावला. इंग्लंडमध्ये त्याचं नाव पडलं टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते, ते हेच. बाटलीच्या प्लास्टिकवर पाण्याचा थेंब ठेवून बघा. तो पसरत नाही, गोल गोल बसून राहतो. सुती कापडावर ठेवला की लगेच आत मुरतो. कारण कापसाच्या रेणूवर पाण्याला धरून ठेवणारे गट भरपूर असतात. पॉलिस्टरच्या वरच्या थरात पाण्याला धरायला फारसं काही नसतंच.

आता असं कापड शरीरात ठेवलं तर काय होतं? रक्त लागल्यावर पहिल्या काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं येऊन कापडाला चिकटतात. आधी मुबलक आणि चपळ असलेली येतात, जसं अल्ब्युमिन. मग त्यांना बाजूला सारून फायब्रिनोजेनसारखी दुसरी जागा घेतात. लिओ व्ह्रोमन नावाच्या शास्त्रज्ञाने ही अदलाबदल दाखवली, म्हणून तिला ‘व्ह्रोमन परिणाम’ म्हणतात. पेशी येतात त्या नंतर. म्हणजे पेशींना मूळ कापड कधी भेटतच नाही. त्यांना भेटतो तो प्रथिनांचा थर, आणि कोणती प्रथिनं कशी चिकटायची हे ठरवतो कापडाचा अगदी वरचा, काही नॅनोमीटरचा भाग.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगते. तुमच्या प्रोग्रामच्या आत किती सुंदर कोड आहे, याच्याशी बाहेरच्या सिस्टिमला काही देणंघेणं नसतं. तिला फक्त इंटरफेस दिसतो. कापडाची ताकद, टिकाऊपणा, लवचिकपणा हे सगळं आतल्या धाग्यातून येतं. पण शरीर आपलं मानणार, परकं मानून कोंडून टाकणार, की रक्ताची गुठळी करणार, हे ठरतं पृष्ठभागावर. म्हणून धागा तोच ठेवून वरचा थर बदलायचा, ही या सगळ्या विद्येमागची कल्पना.

शिलाई मशीनवर शिवलेली धमनी

सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. न्यूयॉर्कमध्ये आर्थर वूर्हीस नावाचा तरुण सर्जन कुत्र्यांवर प्रयोग करत होता. एका कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्यात रेशमी टाका राहून गेला होता. काही महिन्यांनी पाहिलं तर त्या धाग्यावर गुळगुळीत, चकचकीत अस्तर आलेलं. त्याला वाटलं, एका धाग्यावर अस्तर येतं तर कापडाच्या नळीवर का येणार नाही? व्हिनयॉन-एन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या वापरून त्याने १९५२ मध्ये प्राण्यांवरचे निष्कर्ष छापले.

त्याच दशकात ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी या सर्जनने दुकानात नायलॉन मागितलं. नायलॉन संपलं होतं, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन दिलं. डिबेकींना शिवणकाम लहानपणी आईने शिकवलं होतं. त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर त्या कापडाच्या नळ्या शिवल्या आणि महाधमनीच्या जागी बसवून पाहिल्या. योगायोग म्हणा, पण डेक्रॉन शरीरात नायलॉनपेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. महाधमनीसाठी पॉलिस्टरची नळी आजही वापरतात.

पण एक अडचण होती. कापड म्हणजे भोकं. रक्त झिरपणार. मग सर्जन काय करायचे? बसवण्याआधी ती नळी रुग्णाच्याच रक्तात भिजवून ठेवायचे, म्हणजे भोकांत रक्त गोठून ती बंद होतील. माझ्या मते पृष्ठभाग बदलण्याचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घरगुती प्रकार. पुढे कारखान्यातच नळीला कोलॅजन किंवा जिलेटीनचा लेप देऊन पाठवायला लागले. लेप सुरुवातीला गळती थांबवतो, हळूहळू विरघळतो, आणि तोवर शरीराच्या पेशी जाळीत शिरून आपलं अस्तर धरतात.

आणि जिथे हे जमत नाही तेही सांगते. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा बारीक रक्तवाहिनीत कृत्रिम नळी लवकर गुठळीने बंद पडते. मोठ्या नळीत वेगाने वाहणारं रक्त जो दोष पचवतं, तो बारीक नळीत पचत नाही. म्हणून हृदयाच्या बायपासला आजही पायातली शीर काढून किंवा छातीतली धमनी वळवून लावतात. इतकी वर्षं जगभर लोक या एका पृष्ठभागावर काम करतायत आणि अजून तो पूर्ण सुटलेला नाही.

बदलायचं म्हणजे करायचं काय

पद्धती खूप आहेत, पण मुख्य चारच सांगते.

पहिली, कॉस्टिक सोडा. पॉलिस्टर गरम कॉस्टिकमधून काढलं की वरचा थर थोडा थोडा झडतो. सुरतेच्या प्रोसेस हाऊसमध्ये हे रोजचं काम आहे, ‘वेट रिडक्शन’ म्हणतात त्याला. साडी रेशमासारखी मऊ पडते ती त्यामुळे. पण तो थर झडताना धाग्यावर आम्लाचे आणि अल्कोहोलचे गट उघडे पडतात, आणि वैद्यकीय कामात नेमके तेच हवे असतात. ते खुंटीसारखे. त्या खुंटीला मग कोलॅजन टांगा, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन टांगा, नाहीतर कोळंबीच्या टरफलापासून काढलेलं कायटोसान टांगा. तोटा एकच, जास्त वेळ ठेवलं तर धागा बारीक होऊन कमकुवत पडतो.

दुसरी, प्लाझ्मा. ट्यूबलाइटच्या आत जो वायू चमकतो, तो प्लाझ्माच. ऑक्सिजनच्या किंवा हवेच्या प्लाझ्मात कापड काही सेकंद धरलं तरी वरच्या काही नॅनोमीटरचं रसायन बदलतं, आतला धागा जसाच्या तसा. पाणी नको, रसायनांचं सांडपाणी नाही. गोम अशी, की हा बदल टिकून राहत नाही. काही दिवसांत, काही आठवड्यांत वरचे रेणू वळून परत आत जातात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झिडकारायला लागतो. म्हणून प्लाझ्मा झाल्यावर ताबडतोब पुढचा लेप चढवावा लागतो.

तिसरी, कलम करणं. आंब्याचं कलम करतात ना, तसंच. गॅमा किरणांनी किंवा प्लाझ्माने धाग्यावर जागा तयार करायच्या आणि तिथून दुसऱ्या पॉलिमरच्या फांद्या वाढवायच्या.

चौथी, साधा लेप. जंतुनाशक, चांदी, टायटॅनियम, कोलॅजन, जे हवं ते.

आणि यात एक गोष्ट लोक विसरतात. वस्तू शेवटी निर्जंतुक करावी लागते, आणि तेही पृष्ठभागावरच काम करतं. आपल्याकडे तुर्भ्याला, म्हणजे मुंबईच्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात १९७४ पासून ‘आयसोमेड’ नावाचा गॅमा किरणांचा प्लांट आहे. तिथे वैद्यकीय वस्तू बंद पाकिटात निर्जंतुक होतात. पण गॅमा किरण सगळ्यांना सोसत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, म्हणून त्याच्या जाळ्या आणि टाक्याचे धागे सहसा इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. म्हणजे कागदावर कितीही उत्तम लेप काढा, तो शेवटच्या निर्जंतुकीकरणातून सुखरूप बाहेर आला नाही तर उपयोग शून्य.

एकाच झडपेत दोन उलटे नियम

‘चांगला पृष्ठभाग’ अशी काही सरसकट चीज नसते. हे समजायला सगळ्यात सोपं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या काळात भारतीय कृत्रिम हृदयझडप तयार झाली. ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. तिच्यात तीन भाग आहेत. धातूची चौकट, तिच्यात उघड-झाप करणारी पॉलिथिलीनची चकती, आणि भोवती पॉलिस्टरच्या कापडाची कडी. सर्जन टाके घालतो ते या कापडातून.

आता बघा. चकतीवर काहीही चिकटता कामा नये. एखादी गुठळी अडकली तर झडप बंद, माणूस संपला. आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवर असलेल्या कापडाच्या कडीत मात्र पेशी शिरल्याच पाहिजेत, नाहीतर झडप जागेवर पक्की बसणार नाही. एकच रक्त, एकच वस्तू, आणि दोन पृष्ठभागांकडून आपण नेमकं उलटं काम मागतोय. त्यामुळे "हे कोटिंग बेस्ट आहे" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: कुठे?

दोंडाईच्याची मच्छरदाणी

आता मी ज्याच्यासाठी हा भाग करतेय ती गोष्ट. आपल्याच महाराष्ट्रातली आहे आणि मराठीत फार कमी सांगितली जाते.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला कमकुवत जागा पडते आणि आतला भाग फुगून बाहेर येतो. पूर्वी कडा ओढून नुसते टाके घालायचे. ताण यायचा, दुखायचं, आणि हर्निया परत होण्याचं प्रमाण जास्त. १९५८ मध्ये फ्रान्सिस अशर या अमेरिकन सर्जनने प्लास्टिकच्या धाग्याची जाळी वापरून दाखवली, आणि ऐंशीच्या दशकात लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता जाळी बसवायची पद्धत रूढ केली. जाळीतून पेशी वाढतात आणि भिंत मजबूत होते. साधी, उत्तम कल्पना. पण जाळी महाग. खेड्यातल्या शेतमजुराला हर्निया व्हायची शक्यता जास्त, कारण ओझी उचलतो तोच, आणि जाळी परवडत नाही तीही त्यालाच.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे सर्जन होते, ग्रामीण सर्जनांच्या संघटनेतलं मोठं नाव. त्यांनी विचार केला, ही जाळी म्हणजे शेवटी आहे काय? पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन या कुळातल्या धाग्याचं विणलेलं जाळीदार कापड. आणि बाजारात मच्छरदाणीचं जे कापड मिळतं, ते? त्याच कुळातलं. मग ते कापड धुऊन, कापून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये वापरलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या रुग्णालयांमधल्या ३५० हून अधिक हर्नियांचा अनुभव त्यांनी २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापला. निकाल महागड्या जाळीच्या तोडीचे होते.

ऐकून अनेकांनी नाक मुरडलं असणार, "पेशंटच्या पोटात मच्छरदाणी?" पण कापडाच्या नजरेने बघा. जाळीत पेशी, बारीक रक्तवाहिन्या आणि जंतू खाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी शिरायला छिद्र किमान ७५ मायक्रॉनचं लागतं. आणि १० मायक्रॉनपेक्षा बारीक फटी असल्या तर धोका, कारण जंतू असतो साधारण १ मायक्रॉनचा. तो फटीत लपतो आणि त्याला मारणारी पेशी मागे जाऊ शकत नाही. मच्छरदाणीचं भोक एक मिलिमीटरच्या वर असतं, म्हणजे १००० मायक्रॉनहून जास्त. डासाला जे दार बंद, ते पेशीसाठी गावच्या वेशीएवढं उघडं.

गोष्ट तिथे थांबली नाही. ब्रिटिश सर्जनांनी आफ्रिकेतल्या सेवाभावी शिबिरांत ही पद्धत नेली. मग युगांडा आणि स्वीडनच्या संशोधकांनी रीतसर चाचणी केली: ३०२ पुरुष, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, अर्ध्यांना बाजारातली वैद्यकीय जाळी, अर्ध्यांना भारतात बनलेली मच्छरदाणीची जाळी. वर्षभरानंतर हर्निया परत झाला तो स्वस्त जाळीच्या गटात एकाला, दुसऱ्या गटात कोणालाच नाही. ऑपरेशननंतरच्या छोट्यामोठ्या तक्रारी दोन्हीकडे साधारण ३० टक्के. सांख्यिकीच्या हिशेबाने फरक नाही. २०१६ च्या जानेवारीत हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. दोंडाईचा ते तिथपर्यंत.

आता दोन सावधगिऱ्या, आणि दोन्ही पृष्ठभागाच्याच.

एक, तापमान. पॉलिथिलीन लवकर वितळतं. ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची फेरी ही जाळी सोसते, पण १३४ अंशांची झटपट फेरी लावली तर आक्रसते, खराब होते. म्हणजे स्वस्त वस्तू वापरायची तर ज्ञान जास्त लागतं, कमी नाही.

दोन, हल्ली मलेरियासाठी ज्या औषधी मच्छरदाण्या मिळतात त्या अजिबात चालणार नाहीत. त्यांच्यात कीटकनाशक असतं. काहींत पॉलिस्टरच्या धाग्यावर डेल्टामेथ्रिनचा लेप असतो, काहींत पॉलिथिलीनच्या आतच परमेथ्रिन मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू वर येत राहतं. गंमत बघा, हेही पृष्ठभाग बदलणंच, आणि मलेरियापासून वाचवायचं कामही तेच करतं. पण तीच जाळी शरीरात ठेवली तर विष. आणि हो, हे घरी करून बघायचं किंवा डॉक्टरांना दुकानातून आणून द्यायचं प्रकरण नाही. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम आहेत, परवाना लागतो, आणि लागलाच पाहिजे.

मामाची यादी

मध्यंतरी माझ्या मामाच्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. एका रुग्णालयाने जाळ्यांच्या तीन पर्यायांची यादी हातात दिली. साधी पॉलिप्रॉपिलीनची, हलक्या वजनाची, आणि एका बाजूला लेप असलेली ‘कॉम्पोझिट’. तिसरीची किंमत पहिलीच्या कितीतरी पट. मामाने फोन केला, "अगं, तू कापडाचीच इंजिनियर ना? मग सांग ना, यातली कुठली घेऊ? महागडी चांगलीच असेल ना?"

मी म्हटलं, "मामा, डॉक्टरांना एकच विचार. ही जाळी आतड्याला लागणार आहे का?"

का ते सांगते. पोटाच्या मधल्या भागाचा हर्निया दुर्बिणीने दुरुस्त करताना कधीकधी जाळी पोटाच्या पोकळीच्या आतून लावतात. तिथे ती थेट आतड्याला टेकते. साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी आतड्याला टेकली तर आतडं तिला चिकटतं, आणि पुढे भयंकर भानगडी होऊ शकतात. तिथे लेपाची जाळी हवीच. एका बाजूने पेशी शिरू द्यायच्या, दुसऱ्या बाजूने आतड्याला चिकटू द्यायचं नाही. हृदयाच्या झडपेसारखेच दोन उलटे नियम, एकाच कापडाच्या दोन बाजूंना. पण जांघेच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये, उघड्या असो की दुर्बिणीच्या, जाळी पोटाच्या अस्तराच्या बाहेर, थरांच्या मध्ये बसते. आतड्याला लागतच नाही. मग त्या लेपाला तिथे काम काय?

मामाने विचारलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला साधी पुरेल." बस. त्यांनी फसवलं, लुबाडलं असं मला बिलकुल म्हणायचं नाहीये. यादी सगळ्यांना एकच देतात, आणि आपण घाबरलेले असतो, म्हणून सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवतो. घरच्या माणसाचं ऑपरेशन असलं की स्वस्त निवडताना अपराधी वाटतं. मामीला वाटतच होतं, "पैशासाठी कमी नको करायला." तिला समजावताना मला लक्षात आलं, की हे सगळं ज्ञान पेपरांत पडून आहे आणि जिथे निर्णय होतो त्या काउंटरपर्यंत पोचतच नाही.

टाक्याचा धागा आणि हातमोजे

शेवटचं उदाहरण. ऑपरेशनच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून टाक्याच्या धाग्यावर ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप देतात. २००२ पासून असे धागे बाजारात आहेत. प्रयोगशाळेत छान दिसतं. ताटलीत जंतू वाढवले आणि मध्ये धागा ठेवला की भोवती जंतू वाढतच नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. काही अभ्यासांत फायदा दिसला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही हे धागे सुचवलेत.

मग ‘फाल्कन’ नावाची मोठी चाचणी झाली. भारतासह ७ देश, ५४ रुग्णालयं, ५७८८ रुग्ण, पोटाची ऑपरेशनं. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: साध्या धाग्यापेक्षा लेपाच्या धाग्याने संसर्ग कमी झाला नाही. दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाहून थोड्या जास्त रुग्णांना संसर्ग झालाच.

पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांच्या गटाने दुसरी चाचणी छापली, ‘चीता’. याच ७ देशांत, १३,३०१ रुग्ण. तपासलं काय? जखम शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि निर्जंतुक केलेली नवी अवजारं घ्यायची. इतकंच. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. फरक छोटा वाटेल, पण हजार ऑपरेशनांमागे जवळपास तीस माणसं संसर्गातून वाचली, आणि यात नवीन रसायन काहीच नव्हतं.

मी पृष्ठभागाच्या विज्ञानाच्या विरोधात नाहीये. उलट, मला त्याचं प्रेम आहे. महाधमनीची लेपाची नळी नसती तर कितीतरी माणसं टेबलवरच गेली असती. माझं म्हणणं एवढंच, की कोटिंग हे कुठल्या तरी ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न तिथे आहे का, आणि असेल तर याहून साधं उत्तर आहे का, हे आधी विचारायचं. दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी तेच केलं. त्यांनी विज्ञान कमी केलं नाही. या जागी शरीराला कापडाकडून नक्की काय हवंय ते शोधलं, आणि जे नको त्याचे पैसे रुग्णाला भरायला लावले नाहीत.

तर तुमच्या घरी कधी अशी यादी हातात आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी नम्रपणे विचारा. एक, हे कापड शरीरात कशाला लागून बसणार आहे? दोन, वरचा लेप तिथे नक्की काय काम करतो? तीन, माझ्यासारख्या रुग्णांवर त्याची चाचणी झालीय का, की फक्त ताटलीत? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत, उत्साहाने सांगतात. आणि उत्तर आलं की "तुला महागडंच हवं" होत असेल, तर बिनधास्त घ्या, कारण आता ते का हवंय हे तुम्हाला माहितेय.

पुढच्या भागात आपण मास्क आणि पीपीईच्या कापडाबद्दल बोलू, न विणलेलं कापड म्हणजे काय, आणि त्यावर विजेचा भार का देतात ते. तुमच्यापैकी कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात धाग्याच्या किंवा केमिकलच्या कंपनीत काम केलं असेल, किंवा घरातल्या कोणी, तर मला जरूर कळवा. त्या आठवणी ऐकायला मला मनापासून आवडतील. काळजी घ्या, भेटू.